चीफ्सची लाइन: डावा टॅकल आला, डाव्या गार्डचं काय?

नमस्कार मंडळी,

अमेरिकन फुटबॉलचा २०२५ चा ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंची निवड, आटोपला. आपल्या कॅन्सस सिटी चीफ्सनी ३२ व्या क्रमांकावर ओहायो स्टेटचा जॉश सिमन्स घेतला. त्याआधी मार्चमध्ये जेलन मूरला दोन वर्षांचे ३० मिलियन डॉलर कबूल करून आणलं होतं. लाइन म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला राखणारे पाच जण: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. डाव्या टॅकलच्या एका जागेसाठी दोन माणसं झाली. न्यू ऑर्लिन्सला फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, आपला क्वार्टरबॅक महोम्स सहा वेळा आडवा झाला ते बघता हे समजतं. पण त्याच मार्चमध्ये डावा गार्ड जो थूनीला शिकागोला देऊन टाकलं, तेही २०२६ च्या चौथ्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात. एका हाताने भोक बुजवायचं आणि दुसऱ्या हाताने शेजारी नवं पाडायचं, असं मला दिसतंय.

लाइन सुधारायची तर पैसा आधी कुठे घालावा, टोकाला की मध्ये? ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी सविस्तर लिहावं.

— मि. जो.

———

दादा,

मध्ये. आणि त्याचा दाखला आपल्याच गावातला आहे.

७ फेब्रुवारी २०२१, टँपाचा सुपर बोल, ३१-९ ने हरलो. त्या दिवशी दोन्ही नेहमीचे टॅकल नव्हते. एरिक फिशरची अकिलीस बिल्सविरुद्धच्या मॅचमध्ये तुटली होती, मिचेल श्वार्ट्झ पाठीमुळे ऑक्टोबरपासून बाहेर होता. लॉराँ डुव्हर्ने-टार्डिफ हा गार्ड मुळात डॉक्टर. कोविडमुळे तो सीझन सोडून कॅनडात रुग्णांच्या सेवेला गेला होता. मग काय केलं? उजवा टॅकल रेमर्स डावीकडे नेला, उजवा गार्ड वायली उजव्या टॅकलवर सरकवला, वायलीच्या जागी विस्निएव्स्की आणला. एकट्या फिशरची दुखापत, पण दोन आठवड्यांत तीन जागांवर तीन वेगळे चेहरे. महोम्सने ५६ वेळा पाससाठी माघार घेतली, त्यातल्या २९ वेळा त्याच्यावर माणूस धावून आला. सुपर बोलमध्ये एवढा दबाव कुणावर आला नव्हता. टँपाच्या बचावाचा प्रशिक्षक टॉड बोल्स याने त्यासाठी जादा माणसं फारशी पाठवलीही नाहीत. पुढचे चौघेच पुरले, उरलेले सात मागे, पास झेलणाऱ्यांना कव्हर करायला.

त्यानंतर जे केलं ते मला आजही धडा म्हणून शिकवावंसं वाटतं. फिशर आणि श्वार्ट्झला एकाच दिवशी मोकळं केलं. त्या वर्षी सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, १९८.२ वरून १८२.५ मिलियनवर घसरली होती, म्हणजे पैसा मोजूनमापून वापरायचा होता. तरी सगळ्यांत मोठी रक्कम, पाच वर्षांचे ८० मिलियन, दिली एका गार्डला, थूनीला. ड्राफ्टमध्ये सेंटर क्रीड हम्फ्री ६३ वा. गार्ड ट्रे स्मिथ तर २२६ वा, सहाव्या फेरीत. तो एवढा खाली घसरला तो फुप्फुसातल्या रक्ताच्या गुठळ्यांच्या इतिहासामुळे, खेळामुळे नव्हे. ऑर्लँडो ब्राउनसाठी पहिल्या फेरीची निवड गेली हे खरं, पण त्या लाइनचा कणा मधले तिघेच होते. सीझनच्या पहिल्या मॅचला पाचही जागांवर नवे सुरुवातवीर होते.

मध्य आधी का, त्याचं कारण साधं आहे. टोकाकडून आलेल्या माणसाला वळसा घालावा लागतो. तो वळसा घालतो तेवढ्यात क्वार्टरबॅकला एक-दोन पावलं पुढे सरकून चेंडू टाकता येतो. मधूनच भिंत कोसळली तर पुढे सरकायला जागा राहत नाही, पुढचा पाय नीट रोवता येत नाही, आणि पाय रोवला नाही की चेंडू उंच जातो नाहीतर आखूड पडतो. सॅकच्या (चेंडू हातात असताना क्वार्टरबॅकला पाडण्याच्या) आकड्यात हे दिसत नाही, इंटरसेप्शनमध्ये (समोरच्यांनी पास झेलण्यात) दिसतं.

१२ फेब्रुवारी २०२३ ला ईगल्सशी गाठ पडली तेव्हा त्यांच्या नावावर नियमित सीझनचे ७० सॅक होते. चीफ्सनी एकही होऊ दिला नाही, ३८-३५ जिंकले. ग्लेनडेलचं गवत त्या दिवशी निसरडं होतं, ईगल्सचे पाय घसरत होते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण आपला रनिंग बॅक पाचेको याने १५ वेळा चेंडू घेऊन ७६ यार्ड काढले. समोरच्याला रनची धास्ती असली की तो पहिल्या पावलापासून क्वार्टरबॅकवर झेपावत नाही.

— शु. दे.

———

ताई, इतिहास बरोबर. पण सगळं लाइनच्या खात्यावर टाकू नका.

महोम्सचे सॅक बघा. २०२० मध्ये २२, आणि नवी कोरी लाइन आल्यावर २०२१ मध्ये २८. लाइन सुधारली आणि सॅक वाढले, हे कसं? कारण सॅक हा अर्धा क्वार्टरबॅकचा आकडा आहे. टँपानंतर त्याला मागे-मागे सरकायची सवय लागली होती. शॉटगन या मांडणीत स्नॅपच्या वेळी, म्हणजे सेंटर चेंडू मागे देतो तेव्हा, तो पाच यार्ड मागे असतो. तीन पावलं टाकून आठ-साडेआठ यार्डांवर थांबला, तर टॅकलला रशरला, म्हणजे धावून येणाऱ्याला, त्याच्या मागून वाटेला लावता येतं. तोच क्वार्टरबॅक अकरा यार्डांवर गेला तर टॅकलने कितीही अचूक पावलं टाकली तरी उपयोग नाही. रशरला वळावंच लागत नाही, तो सरळ रेषेत येऊन धडकतो. टीव्हीवर टॅकल हरलेला दिसतो, शिव्या टॅकलला बसतात.

वेळेचं गणित असं. चांगल्या ब्लॉकची मोजणी अडीच सेकंदांवर होते. अडीच सेकंद माणूस रोखला की लाइनमनने आपलं काम केलं. चेंडू सव्वातीन सेकंद हातात ठेवायचा तर सर्वोत्तम पाच जणही पुरणार नाहीत.

आणि न्यू ऑर्लिन्सचं अपयश ताईंच्याच मुद्द्याची दुसरी बाजू दाखवतं. किंग्सली सुआमाटायाला २०२४ च्या सीझनच्या पहिल्या दोन मॅच डाव्या टॅकलवर ठेवलं, दुसऱ्याच मॅचला बेंगल्सविरुद्ध बसवलं. वान्या मॉरिसनेही जमवलं नाही. डी. जे. हम्फ्रीजला आणलं, त्याचं हॅमस्ट्रिंग गेलं. शेवटी डिसेंबरमध्ये थूनीला गार्डवरून टॅकलवर ढकललं आणि गार्डवर माइक कॅलिएंडो आला. काही आठवडे निभावलं. पण जगातला उत्तम गार्ड सरासरी टॅकल झाला, आणि गार्डची जागा राखीव खेळाडूकडे गेली. एक जागा बिघडली होती, दोन झाल्या. ईगल्सनी एकदाही ब्लिट्झ केला नाही, म्हणजे जादा माणूस पाठवला नाही. गरजच पडली नाही. मध्यंतराला २४-०.

तेव्हा माझं उत्तर: टोक आणि मध्य असं वेगळं नसतंच. सगळ्यांत कच्ची जागा कुठली ते बघा आणि तिथे पैसा घाला, पण पक्क्या जागेवरचा माणूस उचलून नव्हे.

— व. का.

———

काकांच्या शेवटच्या वाक्याला माझा दुजोरा. आता मैदानावर नेमकं काय बिघडतं ते थोडं जवळून लिहितो, कारण सिमन्स आणि सुआमाटाया शेजारी-शेजारी उभे राहणार असं दिसतंय. सिमन्सच्या गुडघ्याचा पटेलर टेंडन २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये फाटला होता, तो पूर्ण बरा झालेला असायला हवा ही पहिली अट.

ज्यांनी कबड्डी खेळलीय त्यांना हे लगेच कळेल. कोपरा आणि त्याच्या शेजारचा इन हात धरून उभे असतात. इन एक पाऊल पुढे गेला आणि कोपरा मागे राहिला की चढाई करणारा त्या दोघांच्या मधून निसटतो. टॅकल आणि गार्डचं नातं अगदी हेच. आणि ही साखळी तोडायचा डाव म्हणजे स्टंट.

डाव्या बाजूचा नेहमीचा स्टंट घ्या. समोरच्यांचा आतला डिफेन्सिव्ह टॅकल तिरका बाहेर घुसतो, थेट आपल्या टॅकलच्या आतल्या खांद्यावर. त्याच क्षणी टोकाचा एंड त्याच्या मागून वळसा घालून आत येतो. बरोबर उत्तर असं: गार्डने आपल्या माणसासोबत जायचं, पण डोळे आत ठेवायचे. त्याला ढकलत टॅकलच्या हवाली करायचं, टॅकलचे हात त्याच्या छातीवर पडले की सोडायचं, आणि आत येणाऱ्या दुसऱ्याला घ्यायचं. टॅकलने, समोरचा एंड अचानक आत गेला की त्याच्यामागे धावायचं नाही. तो गेला याचा अर्थ दुसरा येतोय.

हे फसतं ते बहुतेक वेळा खोलीमुळे. टॅकल सवयीने सरळ मागे गेला आणि गार्डने रेषेवरच टक्कर घेतली, तर दोघांमध्ये यार्ड-दीड यार्डाचं अंतर पडतं. मग माणूस हवाली करायला जागाच राहत नाही, घुसणारा दोघांनाही अडकवतो आणि वळसा घालणारा मोकळा. दोघांचे ढोपर एका ओळीत हवेत. हे भाषणाने येत नाही, त्याच जोडीने शेकडो वेळा केल्यावर येतं. इथेच सध्याच्या नियमांची अडचण आहे: सीझनमध्ये पॅड घालून सराव फक्त १४ वेळा. म्हणून जोडी ऑगस्टमध्ये ठरायला हवी, ऑक्टोबरमध्ये नव्हे.

सुआमाटायाचं वेगळं. टॅकलवर त्याचा घोटाळा हा होता की बाहेरून वेगाने येणाऱ्याच्या भीतीने तो कंबर लवकर उघडायचा. बाहेरचा पाय मागे, ४५ अंशात, आतला पाय खुंटीसारखा राहायला हवा. कंबर उघडली की आतली वाट मोकळी होते आणि रशर तिथूनच येतो. गार्डवर ती मोकळी जागाच नाही. समोरचा हाताच्या अंतरावर असतो, एका बाजूला हम्फ्री, एका बाजूला टॅकल. पहिलं पाऊल आतल्या पायाचं, जेमतेम सहा इंच, आणि हात लगेच. त्याच्या ताकदीला ती जागा शोभेल असं मला मनापासून वाटतं. फक्त हात छातीच्या चौकटीत राहिले पाहिजेत. खांद्याबाहेर गेले की होल्डिंग, दहा यार्ड परत.

ताकदवान माणूस अंगावर आला तर काय करायचं हे कुस्तीवाल्यांना सांगायला नको. कंबर त्याच्या कंबरेखाली, पाय एक छोटी उडी मागे घेऊन पुन्हा रोवायचे. उंच उभा राहिलेला मागे जाणारच.

— स. पा.

———

दोन प्रश्न. एक, टाइट एंडला (टॅकलशेजारी उभा राहून पासही झेलणाऱ्याला) टॅकलच्या मदतीला का ठेवत नाहीत? दोन, उजव्या बाजूच्या टॅकलला, टेलरला, वर्षाला २० मिलियन देऊन त्याच्या पेनल्टी का थांबत नाहीत?

— मि. जो.

———

पहिल्याचं उत्तर: ठेवतात, पण फुकट नाही. टाइट एंड किंवा रनिंग बॅक जाता-जाता रशरच्या बाहेरच्या खांद्यावर धक्का देतो आणि मग आपल्या वाटेला लागतो. रशरचा अर्धा सेकंद जातो, पण धावणाराही तेवढाच उशिरा पोचतो. लवकर चेंडू देण्यासाठी जो हक्काचा माणूस, तोच उशिरा. शिवाय धक्का चुकून आतल्या खांद्यावर बसला तर रशर बाहेर फेकला जातो आणि आपल्याच टॅकलचे हात सुटतात. तेव्हा थर्ड डाउनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला), लांब अंतरावर, आणि समोर खरोखर भारी एंड असेल तेव्हाच.

बाकी मदत कुठे जाणार हे सेंटर ठरवतो. हम्फ्री रेषेवर आल्यावर बोट दाखवून समोरच्या पहिल्या फळीमागचा मधला लाइनबॅकर जाहीर करतो. त्यावरून कुठल्या बाजूचे तिघे एकत्र सरकणार आणि कुठले दोघे एकास एक राहणार ते ठरतं. अनुभवी उजव्या बाजूला स्मिथ आणि टेलरला एकटं सोडून सेंटर डावीकडे सरकवायचा, हा नव्या जोडीसाठी पहिल्या सहा-आठ आठवड्यांचा सगळ्यांत स्वस्त उपाय. पाचच जण अडवायला ठेवले आणि सहावा आला, तर तो क्वार्टरबॅकचा. त्याने चेंडू ताबडतोब सोडायचा.

टेलरचं दुखणं वेगळं. नियमाप्रमाणे लाइनमनचं हेल्मेट सेंटरच्या कंबरपट्ट्याच्या रेषेत आलं पाहिजे. तो मागे उभा राहतो, म्हणजे मागच्या पावलाला आधीच सुरुवात मिळते. २०२३ च्या पहिल्याच मॅचला, लायन्सविरुद्ध, सगळ्या देशाने ते पाहिलं आणि तेव्हापासून रेफरींची नजर त्याच्यावरच. उपाय एकच, अर्धं पाऊल पुढे उभं राहायचं आणि वेगवान रशरविरुद्ध तेवढा तोटा सोसायचा.

अजून एक गोष्ट कुणी काढली नाही म्हणून लिहिते: राखीव. मॅचच्या दिवशी ४८ जण उतरवायचे तर त्यात आठ ऑफेन्सिव्ह लाइनमन हवेत, नाहीतर ४७. म्हणजे बाकावर तिघे. त्यातला एक तरी सेंटर खेळू शकला पाहिजे. हम्फ्री डावखुरा आहे, त्याच्या स्नॅपचा चेंडू उलट फिरत येतो. अचानक उजव्या हाताचा सेंटर आला तर महोम्सच्या बोटांना शिवण वेगळ्या जागी लागते. हा सराव दर आठवड्याला थोडा तरी व्हायला हवा. आणि मूरला पैसे दिलेत ते याच कारणासाठी लाभले पाहिजेत: टॅकल जखमी झाला तर मूर आत येईल, गार्ड आपल्या जागेवरून हलणार नाही.

ट्रे स्मिथवर २०२५ साठी टॅग होता, म्हणजे एका वर्षाचा ठरीव करार, २३.४ मिलियनचा. २७९.२ मिलियनच्या कॅपमध्ये एका गार्डला एवढे म्हणजे डोळ्यांवर येणारा आकडा. तरी लांबचा करार करावा असंच माझं मत. थूनी गेल्यावर हम्फ्रीच्या शेजारची तीच एक जुनी बाजू उरलीय.

— शु. दे.

———

जुलैअखेर सेंट जोसेफला चीफ्सचा सराव-कॅम्प पाहायला जाणाऱ्यांसाठी: पॅड चढेपर्यंत लाइनबद्दल काही ठरवू नका, तोवर सगळेच छान दिसतात. पॅड चढल्यावर एकास एकची कसरत बघायला गर्दी होते, कारण तिथे कोण आपटला ते दिसतं. तुम्ही त्यानंतरची बघा, दोनास दोनची. मैदानाच्या टोकाला, लाइनच्या मागे उभे राहा, बाजूने नको. चेंडूकडे बघू नका. स्नॅपनंतर डावा टॅकल आणि डावा गार्ड यांच्या टाचा बघा. दोघांच्या टाचा एका ओळीत थांबत असतील तर दुसऱ्या आठवड्यात मला मेल करा. थांबत नसतील तर त्याच दिवशी करा.

— व. का.