मदत हवी आहे: 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' (१९७९) या दूरचित्रवाणीपटाची पूर्ण लांबीची प्रत

नमस्कार.

आमच्या वाचनगटात अकरावी-बारावीची मुले येतात. एरिक मारिया रेमार्क यांची पहिल्या महायुद्धावरची, १९२९ साली प्रसिद्ध झालेली याच नावाची कादंबरी त्यांनी नुकतीच वाचली असून, आता तिच्यावरील चित्रपट दाखवून चर्चा घ्यावी असे ठरले आहे. लुईस माइलस्टोन यांचा १९३० चा, डेल्बर्ट मान यांनी अमेरिकी दूरचित्रवाणीसाठी केलेला १९७९ चा आणि एडवर्ड बर्गर यांचा २०२२ चा जर्मन, अशा तिन्हींचा विचार करता माझा कल १९७९ च्या चित्रपटाकडे आहे.

२०२२ चा चित्रपट रणांगण अंगावर येईल असे दाखवतो, हे मान्यच आहे. परंतु कथेचा नायक, तरुण जर्मन सैनिक पाऊल बॉयमर, सुट्टीवर घरी येतो तो भाग त्यात गाळला असून त्या जागी युद्धविरामाच्या वाटाघाटी आल्या आहेत. माझ्या मते कादंबरीचा गाभा त्या सुट्टीतच आहे. आजारी आई आघाडीवरचे हाल विचारते तेव्हा तो तिच्याशी खोटे बोलतो, आणि गावातली प्रौढ मंडळी पेल्यावर पेले रिचवत कोणता प्रदेश जिंकावा हे त्यालाच शिकवतात. शिवाय वर्गच्या वर्ग सैन्यात धाडणारा शिक्षक कांटोरेक (डोनाल्ड प्लेझन्स) आणि गावचा पोस्टमन असताना गणवेश मिळताच पोरांना चिखलात लोळवणारा हिमेलश्टोस (इयन होम) ही पात्रे याच वयाच्या मुलांशी बोलायला फार उपयोगी पडतील. अनुभवी सैनिक काटची भूमिका अर्नेस्ट बोर्गनाइन यांनी केली आहे. तेवढ्यासाठीही हा चित्रपट पाहावा.

अडचण अशी की हा चित्रपट मूळचा अडीच तासांच्या आसपासचा असताना मला मिळालेली प्रत सव्वादोन तासांहूनही कमी आहे आणि तिच्यात काही प्रसंग मध्येच तुटल्यासारखे वाटतात. ज्यांनी दोन्ही प्रती पाहिल्या आहेत त्यांनी कृपया सांगावे की नेमकी कात्री कुठे लागली आहे, विशेषतः घरच्या सुट्टीला आणि फ्रेंच सैनिकासोबतच्या खड्ड्यातील प्रसंगाला. शेवटी पाऊल खंदकात पक्ष्याचे चित्र काढू लागतो (१९३० च्या चित्रपटात तेथे फुलपाखरू आहे), तो भाग माझ्या प्रतीत फार घाईत उरकल्यासारखा भासतो; तो मुळातच तसा आहे का?

पूर्ण लांबीची अधिकृत प्रत कोठे मिळेल, आणि तिला निदान इंग्रजी सबटायटल्स आहेत का, हेही कळवावे. गोळीबाराच्या आवाजात संवाद ऐकू येत नाहीत आणि मराठी माध्यमातील मुलांची तिथे पंचाईत होते. डिस्क परदेशातून मागवावी लागली तरी हरकत नाही, कारण कार्यक्रम दिवाळीनंतर आहे. मात्र ती आपल्याकडच्या साध्या प्लेयरवर चालेल ना, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.