सूक वाकिफ: पाहिलेलं, घेतलेलं, खटकलेलं सगळं लिहा

कतारच्या दोह्यात कुणाकडेही पाहुणे आले की पहिली नाहीतर दुसरी संध्याकाळ सूक वाकिफ या बाजारातच जाते. मातकट भिंती, अरुंद बोळ, ऊद आणि मसाल्यांचा वास. बघणाऱ्याला वाटतं, हे सगळं शंभर वर्षं असंच उभं आहे. बाजार जुना आहेच, पण आजचं रूप याच शतकातलं. मधल्या काळात पत्रे आणि सिमेंट आलं, 2003 मध्ये मोठी आग लागली, आणि नंतर कतारी कलाकार मोहम्मद अली अब्दुल्ला यांच्या देखरेखीखाली तो पुन्हा उभा केला गेला. काहीजण याला देखावा म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. तिथे राहणाऱ्यांनी लिहा, एकदाच जाऊन आलेल्यांनीही लिहा. नुसतं 'छान आहे' नको, काय पाहिलंत ते सांगा.

चुना_आणि_वाळू
माझं कामच बांधकामाचं, त्यामुळे माझी नजर आधी छताकडे जाते. गोल लाकडी वासे, त्यावर बांबूच्या पट्ट्या, वर माती आणि गवताचा थर. पूर्वी हे वासे खारफुटीचे असत आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गलबतांतून येत. वासा जेवढा लांब, तेवढीच खोली रुंद. म्हणून तिथली जुनी घरं आणि दुकानं चिंचोळी. लांबीला जास्त असलेला वासा कापायचा नाही, भिंतीबाहेर तसाच राहू द्यायचा. ती बाहेर आलेली टोकं नक्षीसाठी काढलेली नाहीत, लाकूड महाग होतं म्हणून ती राहिली.

दुरुस्तीच्या वेळी 1950 नंतरची बांधकामं पाडली, त्याआधीची डागडुजी करून राखली, पत्र्याची छपरं काढून पुन्हा लाकूड-बांबू घातला. हे काम 2010 च्या आगा खान वास्तुकला पुरस्काराच्या निवडक यादीत होतं. नक्कल म्हणणाऱ्यांनी एखादा जुना वाडा दुरुस्त होताना पाहावा. शेवटी मूळ लाकूड किती उरतं ते दिसेल.

मिरी_दालचिनी
मी इथेच राहते आणि सूकला खरेदीला जाते, फिरायला नाही. वाळवलेली काळी लिंबं, केशर, खजूर, मोठ्या कार्यासाठी लागणारी पातेली. तीस-चाळीस माणसांचा पुलाव होईल अशी ॲल्युमिनियमची पातेली दुकानाबाहेर उतरंडीसारखी रचलेली असतात. कतारी बायकाही तिथेच घासाघीस करत उभ्या असतात. ज्या बाजारात गावातली बाई पातेलं ठोकून बघते तो देखावा कसा असेल?

सामान जास्त झालं की हातगाडीवाला करायचा. एकचाकी गाडी आणि अंगात किरमिजी बंडी. यातले बरेचजण म्हातारे आहेत. माझे सासरे सांगलीच्या मार्केट यार्डात हिशेबनीस होते. इथे आले तेव्हा त्यांनी एका बलुच हातगाडीवाल्याला हिंदीत विचारलं, "चाचा, कब से हो?" तो म्हणाला, आग लागायच्या कितीतरी आधीपासून. मग दोघं गाडी बाजूला लावून बसले. पोत्याचं वजन खांद्यावर कसं तोलायचं, मालक पैसे कधी देतो, असल्या गप्पा. मी चहा आणून दिला आणि लांब थांबले.

गिरगावची_माहेरवाशीण
मुलाकडे गेले होते. मला मोती पाहायचे होते. आईच्या नथीतले मोती 'बसऱ्याचे' म्हणून आम्ही लहानपणापासून ऐकलं. तिथे गेल्यावर कळलं की ते आखातात बहरीन-कतारजवळच्या उथळ समुद्रातून काढत आणि व्यापारी ते मुंबईला आणून विकत. म्हणजे हे गाव आणि आमची मुंबई एकाच धंद्यावर जगत होती. रुपयाही आपलाच चालायचा. कतारमध्ये 1966 पर्यंत भारताच्या रिझर्व्ह बँकेने छापलेला आखाती रुपया होता.

सूकमधल्या एका मोत्यांच्या दुकानात मोती काढणाऱ्या पाणबुड्या माणसांची हत्यारं पाहिली. नाकाला लावायचा चिमटा, पायाला बांधायचा दगड, गळ्यात अडकवायची जाळीची पिशवी. चिमटा हातात घेऊन पाहिला. तो नाकाला लावून, दगड पायाला बांधून माणूस खाली जायचा, एका श्वासात शिंपले गोळा करायचा, दोरीला हिसका दिला की वरचा त्याला ओढून घ्यायचा. हे दिवसभर, भर उन्हाळ्यात, महिनोन् महिने. 1930 च्या सुमारास जपानी कल्चर मोती आले, त्यात जागतिक मंदी, आणि हा धंदा बसला. तेल त्यानंतरचं. आईची नथ आता सुनेकडे आहे. परत आल्यावर मी तिला हे सगळं बसवून सांगितलं.

निळा_झेंडा
2022 च्या फुटबॉल विश्वचषकात गेलो होतो. सगळ्या देशांचे लोक तिथे गात होते. मोरोक्को जिंकल्याच्या रात्री पाय ठेवायला जागा नव्हती. इतर काहीच पाहिलं नाही, पण ती रात्र विसरणार नाही.

मनामाकर
मी बहरीनला असतो, थोडं वेगळं मत मांडतो. मनामाच्या बाजारात वायरी लोंबतात, पाट्या वेड्यावाकड्या आहेत, पण कापडबाजाराच्या गल्लीत 200 वर्षांहून जुनं श्रीनाथजींचं मंदिर आहे आणि तिथे रोज आरती होते. इतक्या पिढ्यांचा थर सूक वाकिफमध्ये मला जाणवला नाही. सगळ्या भिंतींचा एकच रंग.

> *(धागाकर्ती)* रंगाबद्दल मान्य. सगळं एकसारखं करताना मधली पन्नास वर्षं पुसली गेली, आणि त्या पत्र्याच्या दुकानांत आपल्याकडचेच कितीतरी लोक राबले होते. त्यांची आठवण कुठे तरी राहायला हवी होती.

पक्षीवेडा
ससाण्यांचा बाजार चुकवू नका. डोळ्यांवर चामडी टोपी घातलेले ससाणे लाकडी खुंट्यांवर रांगेत बसलेले असतात. बाजूलाच त्यांचं इस्पितळ आहे. मोडलेल्या पिसाच्या जागी दुसरं जुळणारं पीस बसवतात. आत सुईएवढी काडी, वर गोंद. पुढच्या वेळी पिसं झडून नवी येईपर्यंत पक्षी त्यावर उडतो.

रत्नांग्री_हापूस
2024 मध्ये तिथे भारतीय आंब्यांचं प्रदर्शन भरलं होतं. हापूस शेवटच्या टप्प्यातला, पण होता. एक कतारी म्हातारा पेटी नाकाशी नेऊन वास घेत होता, अगदी आमच्या बाबांसारखा. त्याने बोट लावून दाबलं नाही, देठाकडे पाहिलं. कळणारा माणूस!

प्रश्न_आहे
आई 78 वर्षांची आहे, व्हीलचेअर लागते. जमेल का?

मिरी_दालचिनी
जमेल. नोव्हेंबर ते मार्चमध्ये आणा. दुपारी बरीच दुकानं बंद असतात, शुक्रवारी सकाळीही, म्हणून चारनंतर निघा. मेट्रोचं सूक वाकिफ नावाचं स्टेशन आहे, लिफ्ट आहे. मुख्य रस्ता रुंद आणि सपाट आहे, आतल्या बोळांत मात्र गर्दी झाली की खुर्ची वळत नाही, तिथे लवकर जाऊन या. कतारी बायका तव्यावर हाताने पीठ फिरवून रिगाग नावाचा रोटीसारखा प्रकार करतात, पापडाएवढा पातळ. आईंना तो अंडं न घालता, मध लावून घ्या. दात नसतील तरी खाता येईल.