गाडी धुताना केलेले गुन्हे: कबुली द्या

डबलसीट
आज सकाळी दूध आणायला खाली उतरलो, तर बी विंगमधला मुलगा नव्याकोऱ्या काळ्या गाडीवर कोरडं फडकं मारत होता. शेजारच्या बिल्डिंगचं पाडकाम चालू आहे, त्यामुळे बॉनेटवर सिमेंटच्या भुकटीचा थर. आणि हा पठ्ठ्या गोल गोल, अगदी मन लावून. म्हटलं, "अरे, आधी पाणी तरी मार!" तर म्हणतो, "काका, पाण्याने डाग पडतात." वर आलो, चहा घेतला, पेपर उघडला, पण डोक्यातून जाईना. कारण १९८९.

बाबांची चेतक. नंबर लावून कित्येक वर्षं वाट पाहिल्यावर आलेली, फिकट निळी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाबा सेकंड शिफ्टला, कंपनीच्या बसने गेलेले. मी ११ वर्षांचा. ठरवलं की बाबा यायच्या आत स्कूटर लख्ख करायची. आमच्या घरी लख्ख म्हणजे आईची पितळी भांडी, आणि ती निघायची बंबातल्या राखेने आणि काथ्याने. घेतली राख, घेतला काथ्या. डिक्की, इंजिनाचं झाकण, पुढची ढाल, एक जागा सोडली नाही. ओली होती तोवर काय दिसत होती! वाळली आणि सगळीकडे पांढुरकं धुकं. मला वाटलं राख राहिली, म्हणून परत घासली.

बाबांनी सकाळी पूजेच्या वेळी पाहिलं. डिक्कीवरून नख फिरवलं. नारळ फोडला, सगळ्यांना पेढा दिला, मग मला म्हणाले, "आता हिचं याहून वाईट काही व्हायचं नाही. दर रविवारी तूच धुवायचीस. शिकायला बरी आहे."

तर पुढची ७ वर्षं मीच धुतली. आधी वरून नुसतं पाणी, तांब्यावर तांब्या, धूळ आपोआप उतरेपर्यंत हात लावायचा नाही. मग आजोबांच्या जुन्या धोतराचा तुकडा, तोही एका पत्र्याला एकदा फिरवून लगेच खळबळायचा. चाकं आणि मडगार्डची आतली बाजू सगळ्यात शेवटी, त्यांचं फडकं वेगळं. दोन्ही फडकी एका दोरीवर वाळत घातली तरी बाबा ओरडायचे.

तुमचेही गुन्हे येऊ द्या.

साळुंकी
परत घासली!!! हसून हसून पुरेवाट 😂

आंबटगोड
बंब आहे का अजून? आमचा तांब्याचा होता, भावाने हॉलमध्ये ठेवून त्यात मनीप्लांट लावलाय.

खटपट्या
माझा गुन्हा वेगळ्या प्रकारचा, सध्या घरात त्यावरूनच वातावरण तापलंय. दोन बादल्यांची पद्धत वाचली होती. एकीत शांपूचं पाणी, दुसरीत साधं. मिट, म्हणजे धुवायचा मऊ हातमोजा, गाडीवरून फिरवला की आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मग शांपूत. म्हणजे एकदा निघालेली माती परत गाडीवर जात नाही. पण माती तळाशी बसते आणि हात घातला की परत वर येते, म्हणून तळाला जाळी हवी. ती जाळी ऑनलाइन पाहिली आणि किंमत बघून पान बंद केलं. तेवढ्यात ओट्याखाली रोवळी दिसली. बादलीत पालथी घातली, अगदी चपखल! खाली दोन बोटं माती जमते, वर पाणी स्वच्छ. गेले दोन महिने मस्त चाललंय. परवा बायको विचारत होती, तांदूळ धुवायची रोवळी कुठे गेली.

साळुंकी
सांगितलंत??

खटपट्या
शोधतोय म्हणालो.

पिंपरीचा_पेंट
गाडीच्या पेंट शॉपमध्ये २२ वर्षं काढली, आता निवृत्त. डबलसीट, तुमच्या चेतकच्या काळातले साधे रंग एकाच थराचे असायचे, वर क्लिअर कोट नसायचा. पॉलिश मारलं की फडक्याला गाडीचाच रंग यायचा, आठवतं का? आताच्या गाडीचा थर असा: पत्र्यावर आधी गंज अडवणारा ई-कोट, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हा वरचा साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस ७०च्या आसपास धरा. म्हणजे तुम्ही जे जपताय ते केसापेक्षा बारीक आहे. उन्हात किंवा पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात ना, ते त्याच थरात. फडकं मऊ की कडक हा प्रश्न नंतरचा. फडक्यात अडकलेला वाळूचा कण ओरखडतो, फडकं नुसतं त्याला फिरवतं. म्हणून कोरडं पुसणं हा पहिल्या नंबरचा गुन्हा. गाडीतल्या त्या लांब दांड्याच्या झटकणीसकट.

दुसरं, गोल फिरवू नका, सरळ रेषेत हात चालवा. ओरखडा पडलाच तर निदान सगळ्या बाजूंनी चमकणार नाही.

डबलसीट
हो! फडकं निळं व्हायचं! मला वाटायचं चांगली निघतेय.

माईण
ह्यात कुंकू राहिलं. गेल्या दसऱ्याला आत्यासासूबाईंनी तेलात कालवलेलं कुंकू घेऊन पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर वीतभर स्वस्तिक काढलं. मी म्हटलं संध्याकाळी पुसू. त्या म्हणाल्या, लगेच पुसतात का? पाच दिवस उन्हात. आता पुसलंय, पण ऊन तिरपं पडलं की गुलाबी स्वस्तिक हजर. गाडी विकायला काढली तर कायमस्वरूपी आशीर्वाद म्हणून दोन हजार जास्त मागणार आहे.

शिवाय झेंडूचा हार. हार तारेत ओवलेला होता, आम्ही तसाच पुढे बांधून कोल्हापूरला जाऊन आलो. वाऱ्याने तार अख्खा रस्ताभर बॉनेट खरवडत होती. आता फुलवाल्याला निक्षून सांगते, दोऱ्यातला दे. तो म्हणतो, ताई, दोरा तुटतो. तुटू दे म्हटलं.

रानवारा
कुंकवावर नुसतं शांपूपाणी चालत नाही, डीटेलिंगवाल्याकडून पॉलिश करून घ्या. पण दर वर्षी नको, प्रत्येक पॉलिशला थर थोडा खरवडला जातो.

खडूस_काका
सोसायटीतल्या गाड्या धुणाऱ्या पोराबद्दल कुणी लिहीत कसं नाही? एक बादली, एक फडकं, १४ गाड्या. पहिली गाडी सेक्रेटरीची, तिला स्वच्छ पाणी. माझा नंबर अकरावा, माझ्या गाडीला चहाचा काढा.

आंबटगोड
काका, महिन्याला ४०० रुपयांत पहाटे पाचला येऊन आणखी काय करणार तो? एका गाडीमागे दिवसाला १३-१४ रुपये पडतात. आमच्याकडच्याला मी दोन मायक्रोफायबरची मऊ फडकी दिली आणि आमच्या गाडीसाठी बादली वेगळी ठेवली. "रोज पुसू नको, आठवड्यातून दोनदा धू, पैसे तेवढेच" म्हटलं. त्याचंही काम वाचलं.

खडूस_काका
माझ्याकडच्याला दिलं होतं मायक्रोफायबर. त्याने एका बाजूने चाक पुसलं आणि दुसऱ्या बाजूने काच. हुशार आहे, वाया काही घालवत नाही.

पाटपाणी
धुण्याचा विषय निघालाय म्हणून. मी लातूरचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी यायचं आमच्याकडे. त्या उन्हाळ्यात गाडी धुणं सोडा, कुणाची गाडी स्वच्छ दिसली तर लोक थांबून बघायचे. मी तेव्हा नवीनच गाडी घेतली होती, चंदेरी. चार महिने पाणी लावलं नाही, आणि हात पण लावला नाही, कारण कोरडं पुसायचं नाही एवढं माहीत होतं. पहिला पाऊस झाला तेव्हा अंगणात उभा राहून नुसता बघत होतो. माती ओघळून गेली, खाली गाडी जशी शोरूमातून आणली तशी. आळशीपणाचा एवढा फायदा आयुष्यात दुसऱ्यांदा झाला नाही.

साळुंकी
किती छान लिहिलंय. तो उन्हाळा आठवला. आमचे काका तिथे होते.

डबलसीट
पाटपाणी, पहिला फायदा कोणता ते पण सांगा.

पाटपाणी
लग्न. बघायला जायचा कंटाळा केला, तर तेच लोक आमच्याकडे आले.

ओसरी
बंगळुरूहून. मार्च २०२४ मध्ये इथे पिण्याच्या पाण्याने गाडी धुवायला बंदी आली होती, दंड ५००० रुपये. तेव्हापासून मी एक बादली पाण्यात भागवते. गाडीवर फार चिखल नसेल तर रिन्सलेस वॉश म्हणून मिळतं, नंतर पाण्याने धुवावं न लागणारं, बादलीभर पाण्यात बाटलीतलं टोपणभर. गाडीवर आधी फवारून पाच मिनिटं भिजू द्यायचं, मग टॉवेल भिजवून, चार घड्या घालून, दर पत्र्याला नवी घडी. खाली आलेली घडी परत वर न्यायची नाही. एका टॉवेलच्या आठ बाजू होतात. हिशोब पाठ झालाय, पोळ्यांसारखा. चिखल असेल तर मात्र हे करू नका, मी एकदा केलं आणि मागचा दरवाजा बघवत नाही.

वऱ्हाडीठेचा
आमच्या अकोल्यात मे महिन्यात दुपारी १ वाजता धुतली बापा. काहून की सुट्टी त्याच दिवशी होती. बॉनेट एवढं तापलेलं की शांपू लावता लावता वाळून गेला, वरून बोरचं पाणी. गाडीला कोड फुटल्यावाणी पांढरे ठिपके. घासून काढतो म्हटलं तर मेव्हण्याने हात धरला. व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून फडक्याने टेकवलं, लगेच भरपूर पाण्याने धुतलं, बरेचसे गेले. आता सकाळी सहाला, सावलीत. आणि एक बाजू धुतली की तीच आधी टिपून घेतो, वाळायची वाट बघत नाही.

पिंपरीचा_पेंट
मेव्हणा हुशार आहे तुमचा. ते ठिपके पाण्यातल्या क्षारांचे. टिपताना पण टॉवेल ओढायचा नाही, अंथरायचा आणि थोपटायचा.

नवखी_ड्रायव्हर
ओरखड्यावर टूथपेस्ट लावली तर जातो म्हणतात, खरं का? आणि भांड्यांच्या लिक्विडने धुतलं तर चालेल? घाईत विचारतेय, कुकर लावलाय.

पिंपरीचा_पेंट
पेस्टमध्ये बारीक घासणारी पावडर असते, त्यामुळे अगदी वरवरचा ओरखडा थोडा कमी दिसतो. नख अडकत असेल तर पेस्टने काही होत नाही, उलट भोवती धुरकट डाग पडतो. भांड्यांचं लिक्विड तेलकटपणा काढायला केलेलं असतं, ते गाडीवरचं वॅक्सही काढून टाकतं. एकदा चुकून धुतली तर आकाश कोसळत नाही, दर आठवड्याला नको.

नवखी_ड्रायव्हर
धन्यवाद काका. कुकर बंद करायचा राहिला 🙈

रानवारा
कुडाळ. आमच्याकडे लाल माती आणि वरून फणस. पार्किंग फणसाखालीच, दुसरी सावली नाही. टपावर चीक पडून वाळला होता. मी सुरीच्या बोथट बाजूने काढायला गेलो. बाजू बोथट नव्हती. आता तिथे रुपयाएवढा काळा ठिपका आहे. नंतर आईने सांगितलं, अरे फणस चिरताना हाताला काय लावतो? खोबरेल लावून दहा मिनिटं ठेवलं, दुसरा डाग बोटाने निघाला, मग शांपूने धुतला. घरात उत्तर असताना माणूस सुरी शोधतो.

पावसाळ्यात मडगार्डच्या आत माती सिमेंटसारखी बसते. नळीने नुसतं पाणी मारत राहायचं, बोटाने उकरायचं नाही.

माईण
फणस कापा की बरका?

रानवारा
बरका. म्हणून तर टपावर.

थंडीताप
जर्मनीत आहे. इथे बहुतेक गावांत घरासमोर गाडी धुताच येत नाही, साबण-तेल जमिनीत मुरून भूजलात जातं म्हणून. सेल्फ वॉशला जावं लागतं, नाणी टाकली की पाण्याचा फवारा. तिथे फेस येणारा एक लांब ब्रश टांगलेला असतो. पहिल्याच महिन्यात अगदी हौसेने वापरला. नंतर कळलं की माझ्या आधीच्याने त्याच ब्रशने ट्रॅक्टरसारखी माखलेली गाडी धुतली होती. डाव्या बाजूला ब्रशाच्या केसांची अख्खी स्वाक्षरी. आता ब्रशाकडे बघत पण नाही, फवारा मारतो आणि घरून नेलेला मिट वापरतो. मागचे लोक घड्याळ बघतात, बघू देत.

बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाले, एवढी नाणी टाकण्यापेक्षा पोळ्याला बैल धुवायला आण इकडे, नदीवर फुकट आहे.

वऱ्हाडीठेचा
बैलाले घासला तरी ओरखडा पडत नाही, हे बरं आहे.

पाटपाणी
पडत नाही, पण तो लाथ मारतो. गाडी गप्प राहते.

डबलसीट
संध्याकाळी बी विंगच्या मुलाला गाठलं. चेतकची गोष्ट सांगितली, राखेपर्यंत आलो तेव्हा तो हातातलं फडकं खिशात घालायला लागला. मग मोबाईलच्या टॉर्चने त्याच्याच बॉनेटवर गोल ओरखडे दाखवले. चेहरा पडला बिचाऱ्याचा. म्हटलं, नवीन गाडी आहे, पॉलिशने निघतील, आता नीट शीक. रविवारी दोन बादल्या घेऊन खाली भेटायचं ठरलंय. त्याचा एकच प्रश्न होता, "काका, ती रोवळी कुठे मिळते?"

खटपट्या
तुळशीबागेत. बायको आत्ता तिथेच आहे, नवीन घ्यायला गेलीये. एक जास्तीची आणायला सांगू का? म्हणजे मग कशाला ते सांगावं लागेल...

साळुंकी
सांगा हो एकदाचं. भाताला शांपूचा वास यायच्या आत.