गोव्यात भारीतले हेडफोन घ्यायचे तर ओपन बॅकच. पटत नसेल तर मुद्दा मांडा

सूरपेटी, पणजी

घरात बसून ख्याल, नाट्यपदं, अभंग असं गाणं जास्त ऐकलं जात असेल आणि खर्चाची तयारी असेल, तर पैसे ओपन बॅकमध्येच, म्हणजे कपाची मागची बाजू जाळीची, मोकळी असलेल्या हेडफोनमध्येच घालावेत. "आपल्याकडे पाऊस, पंखा, शेजार, म्हणून क्लोज्ड (मागून बंद कपाचे) घ्या" हा सल्ला सरसकट दिला जातो. तो मला मान्य नाही.

क्लोज्ड कपात ड्रायव्हरच्या (कपातल्या छोट्या स्पीकरच्या) मागच्या बाजूचा आवाज कोंडला जातो, प्लास्टिकवर किंवा लाकडावर आपटून परत पडद्यावर येतो. आत फोम, लोकर भरून तो कमी करता येतो, पण पुरता जात नाही. खालच्या स्वरपट्टीत कुठे फुगवटा, कुठे खड्डा राहतो. सिनेसंगीतात हे खपून जातं. खर्जात लावलेला पुरुषाचा आवाज मात्र लगेच डब्यात बसल्यासारखा वाटतो, आणि तंबोऱ्याची जवारी (तारांचा झणकार) सुटी न राहता आवाजाला चिकटते.

माझी शिफारस सेनहायझर एचडी ६०० ची. १९९७ पासूनचं मॉडेल, ३०० ओहम (विजेला होणारा रोध), वजन साधारण २६० ग्रॅम. पॅड, केबल, डोक्यावरची गादी, ड्रायव्हरसुद्धा सुटा बदलता येतो. पॅड मखमली असल्यामुळे मे महिन्यात कान उकडून निघत नाहीत. चाळीस हजारांच्या आत कंठसंगीतासाठी याच्या तोडीचं दुसरं नाव मला सुचत नाही, आणि लाखाच्या वरचे अनेक हेडफोन गळ्याच्या बाबतीत याच्यापुढे फिके आहेत.

बार्देशकर

सूरपेटी, तुम्ही हेडफोन निवडलात, खोली विसरलात.

सरासरी ७५ डेसिबलवर गाणं लावलं असं धरा. ही आरामशीर पातळी झाली. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात तंबोरा गायकाच्या २५-३० डेसिबल खाली असतो, म्हणजे कानात ४५ ते ५० डेसिबल. छताचा पंखा जोरात असला की खोलीतला आवाज सहज ५० पर्यंत जातो. ओपन बॅक हा आवाज जवळजवळ जसाच्या तसा आत घेतो. म्हणजे ज्या जवारीसाठी तुम्ही ओपन बॅक घेतला, तीच आधी बुडाली. मग आवाज ६ डेसिबलने वाढवायचा. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. ८१ वर आलात की आठवड्याला साधारण ३२ तासच उरतात.

ही झाली पंख्याची गोष्ट. जूनमध्ये पत्र्यावर पाऊस सुरू झाला की ओपन बॅक बाजूलाच ठेवावे लागतात. चार महिने वापरता न येणारी वस्तू भारीतली कशी म्हणायची?

क्लोज्डमध्येही दर्जा आहे. फोकल स्टेलिया ३५ ओहमचा, बेरिलियमचा पडदा, फोनच्या डाँगलवरही (फोनला हेडफोन जोडायचा छोटा जोड) मोकळा वाजतो. तेवढं बजेट नसेल तर बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, ८० ओहमचा. कंपनी त्याचं आवाज अडवणं १८ डेसिबल सांगते.

सूरपेटी, पणजी

१८ डेसिबल हा एक आकडा फसवा आहे. बंद कप आवाज अडवतात ते मुख्यतः १ किलोहर्ट्झच्या वर. पंख्याची घरघर त्याच्या बरीच खाली असते, तिथे साधा क्लोज्ड जेमतेम काही डेसिबल देतो. त्यात चष्मा असेल तर काडीमुळे पॅड आणि कानशील यांत फट राहते, घरघर आत येते आणि हेडफोनचा स्वतःचा खर्जही त्याच फटीतून गळतो. चष्मेवाल्याने क्लोज्ड घेण्याआधी साधी तपासणी करावी. ४० हर्ट्झचा सलग सूर लावून पॅड तळहाताने हलके दाबायचे. सूर एकदम भरून आला तर सील बसलेलं नाही.

डीटी ७७० बद्दल आणखी एक. त्याला ८ किलोहर्ट्झच्या आसपास ठळक उंचवटा आहे. केसरबाई केरकरांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या त्यावर लावा. त्या मुद्रणांत ५-६ किलोहर्ट्झच्या वर गाणं फारसं उरतच नाही, असते ती खरखर. उंचवटा नेमकी तीच उचलून पुढे आणतो. दुकानात पाच मिनिटं ऐकताना याला लोक "डिटेल" म्हणतात, आणि घरी अर्ध्या तासात कान शिणतात.

पंख्याचं म्हणाल तर तो दोन नंबरवर ठेवा आणि झोत जाळीवर येणार नाही असं बसा. हवा जाळीवर आपटून होणारी फडफड पंख्याच्या आवाजाहून वाईट असते. पत्र्यावरचा पाऊस हा मुद्दा मात्र खरा आहे. कौलं आणि खाली लाकडी माळा असेल तर निभावतं, नुसता पत्रा असेल तर नाही.

डेसिबल, फोंडा

दोघांचंही ऐकलं. शक्तीचा हिशेब कोणी मांडलेला नाही. तो न करताच लोक हेडफोनच्या किमतीएवढा अ‍ॅम्प घेऊन बसतात.

एचडी ६०० ची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक शक्तीला निघणारा आवाज, १ मिलिवॉटला सुमारे ९७ डेसिबल. साध्या डाँगलमधून १ व्होल्ट मिळतो. ३०० ओहममध्ये त्याचे ३.३ मिलिवॉट होतात, म्हणजे शिखराला (गाण्यातल्या सर्वात मोठ्या क्षणाला) साधारण १०२ डेसिबल. गाण्याची सरासरी शिखराच्या २० खाली धरली तर ८२. पुरेसं आहे. पण इक्वलायझर (स्वरपट्ट्या कमी-जास्त करायचं साधन) लावून खर्ज ६ डेसिबलने उचलला, तर आवाज फाटू नये म्हणून प्रीअ‍ॅम्प, म्हणजे त्यातली एकूण पातळी, उणे ६ करावाच लागतो. मग सरासरी ७६ वर येते, आणि हळू मुद्रित केलेली मैफल तोकडी पडते. २ व्होल्टचा डाँगल घ्या, प्रश्न मिटतो.

उलट टोक बघा. हायफायमन सुस्वारा, ६० ओहम, १ मिलिवॉटला ८३ डेसिबल. ११० डेसिबलच्या शिखरासाठी अर्धा वॉट, म्हणजे सुमारे साडेपाच व्होल्ट आणि ९० मिलिअँपियर लागतात. इथे भक्कम अ‍ॅम्पला पर्याय नाही. ऑडेझ एलसीडी-एक्स २० ओहम आणि १०३ डेसिबलचा, त्यामुळे तो १ व्होल्टवरच कान फोडेल. ओहम जास्त म्हणजे चालवायला कठीण, ही समजूत सोडून द्या. ओहम आणि संवेदनशीलता एकत्र बघायची असते.

व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पमुळे "गोडवा" येतो म्हणतात, त्याचंही कारण मोजता येतं. एचडी ६०० चा रोध मध्यसप्तकात ३००, पण १०० हर्ट्झच्या आसपास ५०० च्या वर चढतो. अ‍ॅम्पचा स्वतःचा रोध १०० ओहम असेल तर तिथे सुमारे १ डेसिबलची वाढ होते. ऐकू येते, आवडतेही. इक्वलायझरमध्ये तीच फुकट मिळते.

तळपण

एक विचारू का? इक्वलायझर लावून जर सगळं होतं, तर लाखाच्या वरच्या हेडफोनला अर्थच काय? मला वाटतं अर्थ आहे, आणि इथे तो मुद्दा डावलला जातोय.

सेनहायझरचाच एचडी ८०० एस उदाहरणादाखल घ्या. ड्रायव्हर मोठा, कानापासून लांब आणि तिरका बसवलेला. आवाज कानाच्या पाळीवर आपटून आत जातो, म्हणून वाद्यं डोक्याच्या आत न राहता थोडी पुढे, बाजूला सरकतात. हे अंतर आणि हा कोन कुठल्याच फिल्टरने आणता येत नाही. कला अकादमीतल्या मैफलीत तबला डावीकडे, पेटी उजवीकडे, गायक मधोमध. स्टिरिओ मुद्रण चांगलं असेल तर एचडी ८०० एसवर तिघांच्या मधली जागा कळते. एचडी ६०० वर तिघे एका चटईवर येऊन बसतात. खर्जाची घट्ट पकड हवी असेल तर मोठा प्लेनर (चुंबकांमध्ये सपाट, पातळ पडदा असलेला हेडफोन) लागतो. चवथीच्या घुमट आरतीचं बरं मुद्रण लावून बघा; घुमट म्हणजे एका तोंडाला चामडं लावलेलं मातीचं वाद्य. वादक डाव्या हाताने घुमटाचं मागचं तोंड झाकतो, उघडतो, तशी घुमारी वर-खाली सरकते. एचडी ६०० ती घुमारी अर्धीच देतो, कारण ६०-७० हर्ट्झच्या खाली तो उतरत जातो आणि तिथे जोर दिला की विकृती वाढते.

डेसिबल, फोंडा

तळपण, कोनाचा मुद्दा मान्य. घुमटाचाही मान्य. तरी लाख रुपये मोजण्यापूर्वी दोन्ही हेडफोन समान पातळीवर आणून ऐका. एक डेसिबलने मोठा वाजणारा नेहमीच "खुला", "जिवंत" वाटतो. फोनमधलं डेसिबल मोजायचं अ‍ॅप, पिंक नॉईज (सगळ्या स्वरपट्ट्यांत भरलेली एकसारखी सळसळ), आणि मधे भोक पाडलेला जाड पुठ्ठा एवढं पुरतं. पॅड पुठ्ठ्यावर टेकवा, फोनचा माइक भोकाशी धरा. आकडा खरा नसेल, पण दोन हेडफोनमधला फरक कळेल. अ‍ॅम्प-अ‍ॅम्पची तुलना असेल तर हेडफोन जोडलेला ठेवून ४०० हर्ट्झचा सूर लावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून मोजा आणि दोन्ही सारखे करा.

इक्वलायझरबद्दल: संगणकावर इक्वलायझर एपीओ, अँड्रॉइडवर वेव्हलेट. तयार फिल्टर (दुसऱ्यांनी मोजून दिलेल्या सुधारणा) घेतले तरी ८ किलोहर्ट्झच्या वरचे आधी बंद ठेवा. तिथे प्रत्येकाच्या कानाचा आकार वेगळा, मोजणाऱ्या यंत्राचा कान वेगळा. ५ ते १० किलोहर्ट्झ सूर हळूहळू सरकवत न्या आणि जिथे स्वतःला टोचेल तिथेच अरुंद फिल्टरने २-३ डेसिबल खाली आणा.

खारी हवा, वास्को

माझा विरोध तुम्हा सगळ्यांनाच आहे. आवाजावर इतकं बोललात, पण गोव्यात हेडफोन संपतो तो हवेमुळे. निवड करताना पहिला प्रश्न असा असायला हवा की हा पाच पावसाळे टिकेल का, आणि याचे पॅड सुटे मिळतात का.

कृत्रिम चामड्याचे पॅड म्हणजे कापडावरचा पॉलियुरेथेनचा थर. दमट हवेत त्याचं जलविघटन होतं. आधी चिकट होतो, मग काळे पापुद्रे गालाला लागतात. न वापरता खोक्यात ठेवला तरी होतं. मखमली पॅडला ते भय नाही, पण ते घाम शोषतात आणि ऑगस्टमध्ये पांढरी बुरशी धरतात. वर दबून पातळ होतात. पॅड दबला की ड्रायव्हर कानाजवळ येतो, स्वरांचा तोल बदलतो, आणि माणूस समजतो हेडफोन बिघडला. दीड-दोन वर्षांनी पॅड बदला, त्यात काटकसर नको.

ठेवायची पद्धत सांगतो. ऐकून झालं की लगेच डब्यात टाकू नका, तासभर उघड्यावर घाम सुकू द्या. मग घट्ट झाकणाचा डबा, आत पातळ कापडी पिशवीत २०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. ३० च्या खाली नेऊ नका, अस्सल चामड्याचे पॅड कडक होऊन तडकतात. नारिंगी जेल घ्या. रंग उतरला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नये. कॅमेरेवाले वापरतात ते विजेवरचं ड्राय कॅबिनेट परवडलं तर सर्वात चांगलं, ४५ वर लावून विसरून जा.

म्हणूनच स्टॅक्ससारखे इलेक्ट्रोस्टॅटिक (पडद्यावर विद्युतभार ठेवून चालणारे) हेडफोन इथे घेऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. पडद्यावर ५८० व्होल्टचा बायस, म्हणजे स्थिर विद्युतदाब असतो. ओल आणि धूळ आत गेली की भार गळतो, एक बाजू बारीक होते, कधी चिरका आवाज येतो. आवाज अप्रतिम, पण चोवीस तास वातानुकूलित खोली नसेल तर जुलैत रडवेल.

बार्देशकर

खारी हवा बाब, हे आधी लिहायला हवं होतं. पण यातून माझाच मुद्दा पक्का होतो. ओपन बॅकच्या जाळीतून ओल थेट ड्रायव्हरपर्यंत जाते.

खारी हवा, वास्को

क्लोज्डमध्ये ती आत जाऊन बाहेर येत नाही. कप, पॅड आणि कान यांत अर्ध्या तासात घामाची वाफ कोंडते. दोन्हींना डबा लागतोच. साध्या डायनॅमिक ड्रायव्हरला ओलीचा त्रास कमी, गंज चढतो तो जॅकला आणि केबलच्या पिनांना. एका कानाचा आवाज येत-जात असेल तर ड्रायव्हर गेला असं ठरवण्याआधी कपाकडच्या दोन पिनांची जोडणी काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पाच-सहा वेळा घालून काढा. डाव्या-उजव्या केबल आपसांत बदलून बघा. बिघाड दुसऱ्या कानाकडे गेला तर केबल, तिथेच राहिला तर पुढचा विचार. आणि वीज कडाडायला लागली की अ‍ॅम्पची पिन भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

सूरपेटी, पणजी

माझी शिफारस कायम, फक्त एक अट घालतो. छत पत्र्याचं असेल किंवा त्याच खोलीत दुसरं कोणी झोपत असेल तर क्लोज्ड, बार्देशकरांच्या म्हणण्याप्रमाणे. ओपन बॅकमधलं गाणं शेजारच्या उशीपर्यंत स्पष्ट पोचतं.

तळपण, घुमटासाठी प्लेनर घेणार असाल तर वजन बघा. एलसीडी-एक्स ६१२ ग्रॅमचा आहे. दोन तासांच्या मैफलीला मान बोलते. हायफायमन सुंदारा ३७२ ग्रॅममध्ये बऱ्यापैकी तोच खर्ज देतो.

तळपण

सुंदारा ऐकायला मुंबई-बंगळूर गाठावं लागेल. गेलोच तर दुकानात काय लावून बघू?

सूरपेटी, पणजी

चांगल्या मुद्रणाचा एक विलंबित ख्याल, पहिली पाच मिनिटं. त्यात तंबोरा गायकाच्या मागे स्वतंत्र ऐकू येतो का बघा. मग ७८ आरपीएमची एखादी तबकडी, खरखरीसाठी. मग घुमट. तिन्ही हळू आवाजात. मोठ्याने सगळेच चांगले वाजतात. चष्मा असेल तर घालूनच ऐका, आणि किमान चाळीस मिनिटं डोक्यावरून काढू नका, म्हणजे पकड कानशिलावर कुठे दाबते ते कळेल. बिल भारतीय वॉरंटीचं आहे याची खात्री करा, आणि निघताना त्याच मॉडेलच्या पॅडची एक जोडी बरोबर घ्या.