दिल्लीतली पंतप्रधानांची घरं: तुम्ही काय पाहिलंत? (अनुभव धागा)

आईला दिल्ली दाखवायला नेलं होतं. शेवटच्या दिवशी १, सफदरजंग रोडला गेलो. इंदिराजींची अभ्यासिका, पुस्तकं, जेवणाची खोली बघताना आई भराभर बोलत होती. पुढे काचेच्या पेटीत ती साडी दिसली. ३१ ऑक्टोबर १९८४ला सकाळी नेसलेली, गोळ्यांची भोकं तशीच. आई गप्प झाली. बाहेर बागेतून अकबर रोडच्या कार्यालयाकडे जाणारी त्यांची वाट स्फटिकाच्या काचेने झाकली आहे. त्या वाटेच्या कडेने आई चप्पल हातात घेऊन चालली. बातमी आली तेव्हा ती तांदूळ निवडत होती म्हणे. ते सूप रात्रीपर्यंत तसंच पडून राहिलं होतं.

तुम्हीही अशा घरांत गेला असाल. काय पाहिलंत, कुठे थांबलात, ते सविस्तर लिहा.

*

शास्त्रीजींचं स्मारक, १, मोतीलाल नेहरू प्लेस. जनपथवर १० नंबरच्या त्यांच्या घराला लागूनच आहे. गर्दी अजिबात नव्हती, म्हणून निवांत बघता आलं. तिथे त्यांची फियाट ठेवली आहे. गाडी १२ हजारांची, घरात होते ७ हजार. पंतप्रधान असताना पंजाब नॅशनल बँकेतून ५ हजारांचं कर्ज काढलं. ११ जानेवारी १९६६ला ताश्कंदला ते गेले, तेव्हा कर्ज फिटलेलं नव्हतं. त्यांच्या पत्नी ललिताबाईंनी ते पेन्शनमधून फेडलं.

माझ्या वडिलांनी स्कूटरसाठी सोसायटीचं कर्ज घेतलं होतं. हप्त्याची तारीख आली की घरात भाजी सुद्धा बेताने यायची. त्या फियाटपाशी मला ललिताबाईच डोळ्यांसमोर येत राहिल्या. शास्त्रीजींवर आपण भरभरून बोलतो, पण हप्ते भरत राहिलेल्या बाईंवर फार कमी लिहिलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

*

वरच्या दोन्ही ठिकाणी जाणार असाल तर सोमवार टाळा, बंद असतात. राष्ट्रपती भवन बघायचं असेल तर आधी ऑनलाइन नोंदणी करा आणि ओळखपत्र बरोबर ठेवा. ३४० खोल्यांचा पसारा, त्यातला थोडाच बघायला मिळतो. तरी दरबार हॉलसाठी (२०२४ पासून नाव गणतंत्र मंडप) जाच!

*

मी तीन वर्षं दिल्लीत अभ्यासाला होते, तीन मूर्ती भवनाच्या, म्हणजे नेहरूंच्या घराच्या, ग्रंथालयात बसायची. दुपारी डोकं जड झालं की मूळ वाड्यात चक्कर. १९३०ला ब्रिटिश सरसेनापतीसाठी बांधलेली वास्तू. नेहरू १९४८ पासून अखेरपर्यंत तिथे राहिले. एवढे उंच खांब, एवढे व्हरांडे, आणि त्यांची झोपायची खोली मात्र अगदी साधी. ती कितीदा पाहिली याचा हिशेब नाही. आवारात फिरोजशहा तुघलकाचा कुशक महाल आहे, तोही बघा. बहुतेक लोक त्याच्यावरून तसेच पुढे जातात. २०२२ला तिथेच सगळ्या पंतप्रधानांचं संग्रहालय उघडलं. नवी इमारत भव्य आहे, मुलांना फार आवडते. मला विचाराल तर आधी जुना वाडा, मग ती.

*

ताई, तुमचं वाचून लिहितोय. वडील लष्करात होते, आम्ही तेव्हा दिल्लीत होतो. २८ मे १९६४, मी सात वर्षांचा. तीन मूर्तीवरून नेहरूंची अंत्ययात्रा निघाली तेव्हा वडिलांनी मला खांद्यावर घेतलं होतं. रणरणतं ऊन, माणसांचा समुद्र. मला तोफगाडा दिसलाच नाही. दिसल्या त्या फक्त टोप्या आणि हात. वडिलांची मान घामाने निथळत होती, माझे पाय घसरत होते.

पन्नासेक वर्षांनी बायकोला घेऊन गेलो. ती खोली पाहिली. मग बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला आम्ही उभे होतो ती जागा शोधत राहिलो. एका झाडाखाली होतो एवढं पक्कं आठवत होतं. पण झाडं तिथे ओळीने आहेत. बायको म्हणाली, "ह्याच्याखाली बसू या." बसलो.