जर्नलच्या ‘फीड’ला मराठीत काय म्हणायचं? रतीब चालेल का?

बेळगावहून:

नमस्कार मंडळी, एक शब्द अडलाय. मी इथं एका कॉलेजच्या लायब्ररीत आहे, बरीच वर्षं झाली. आमच्याकडं एमए, पीएचडीची पोरं खानापूर, चंदगड, निपाणी भागातनं येतात, त्यांच्यासाठी जर्नलचे आरएसएस फीड, म्हणजे नवा लेख आला की आपोआप कळायची सोय, मोबाईलवर कसे लावायचे याचं एक पानभर मराठी माहितीपत्रक करालोय. सगळं लिहून झालं आणि नेमकं ‘फीड’वर येऊन थांबलो.

आधी ‘पुरवठा’ लिहिलं, वाचलं तर रेशन दुकानाची पाटी वाटाली. इंग्रजी नावाचा अर्थ सांगावा म्हटलं तर तिथंही मदत नाही. १९९९ मध्ये नेटस्केप या ब्राउझरवाल्या कंपनीनं काढलं तेव्हा आरएसएस म्हणजे आरडीएफ साइट समरी, त्याच वर्षात रिच साइट समरी झालं, आणि २००२ च्या २.० आवृत्तीपासनं रिअली सिंपल सिंडिकेशन. आता सिंडिकेशन म्हटलं की आमच्या पोरांना युनिव्हर्सिटीची सिंडिकेट आठवणार, कारण कर्नाटकात कार्यकारी मंडळाला तेच म्हणतात. म्हणून नावाचा नाद सोडला.

पण खरा घोटाळा ‘सबस्क्राइब’नं केला. मी ‘वर्गणीदार व्हा’ लिहिलं होतं. एका मुलीला कच्चा मसुदा वाचायला दिला, हुशार आहे, उसाला लागणाऱ्या पाण्यावर संशोधन करते. तिनं वाचून कागद परत टेबलावर ठेवला आणि हळूच विचारलं, “सर, वर्षाला किती भरायचे?” फीडला एक पैसा पडत नाही, नाव-गाव-ईमेल काही मागत नाहीत, आणि माझ्या एका शब्दानं ती पोर मागं सरली. मला रात्री झोप नीट लागली नाही हो.

मग रतीब आठवला. दुधाचा असतो, पेपरचा असतो. देणारा रतीब घालतो, घेणारा लावतो, नको झाला की बंद करतो, क्रियापदं आयतीच आहेत. आणि रोज उठून मागावं लागत नाही हा त्यातला मुख्य अर्थ. पूर्वी नवीन अंक आला की आम्ही अनुक्रमणिकेच्या पानाची झेरॉक्स काढून बोर्डाला टाचणीनं लावायचो, मास्तर लोक येता-जाता बघायचे. फीड म्हणजे तो बोर्डच ज्याच्या त्याच्या खिशात गेला. काय वाटतं?

निपाणीहून:

सर, रतीब शब्द गोड आहे, पण दोन ठिकाणी खटकतो. रतिबात दूध घरात येतं, फीडमध्ये दूध येतच नाही की. लेखाचं नाव, लेखकांची नावं, बऱ्याचदा सारांश, डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, आणि लिंक, एवढंच. लेख कुलपात असेल, म्हणजे पैसे भरल्याशिवाय उघडत नसेल, तर तो कुलपातच राहतो. पोरगं म्हणेल रतीब लावला आणि भांडं रिकामंच.

दुसरं म्हणजे कोण आणून देत नाही. प्रकाशकानं एक एक्सएमएल फाइल आपल्या सर्व्हरवर ठेवलेली असते, नवीन लेख आला की त्यात भर पडते, आणि तुमच्या मोबाईलमधलं रीडर, म्हणजे फीड वाचायचं अॅप, दर तासा-दोन तासानं तिथं जाऊन बघून येतं. गवळी दारात येत नाही, तुमचाच गडी डेअरीवर चक्कर मारून येतो. म्हणून तर नाव-गाव लागत नाही.

मला ‘वर्दी’ बरा वाटतो. पाहुणे वेशीत आल्याची वर्दी येते, पाहुणे मागनं येतात. फीडचं काम तेवढंच.

खानापूरहून:

वर्दीला माझंही मत, आणि आपल्या भागात तर जास्तच, कारण कन्नडमध्ये ‘वरदि’ म्हणजे अहवाल, बातमी, वार्ताहराला ‘वरदिगार’ म्हणतात. कन्नड माध्यमातनं आलेली मैत्रीणसुद्धा शब्द ऐकून मान डोलावेल. फक्त पोलिसाचा ड्रेस डोळ्यासमोर येतो, तेव्हा पहिल्या वेळी ‘नव्या लेखाची वर्दी’ असं पूर्ण लिहा.

पण सर, रतीब टाकू नका. माझा अनुभव सांगते. एका जर्नलचं फीड मी तीन वर्षं वाचत होते, मध्येच गप्प झालं. मला वाटलं अंक निघत नसेल. आठ महिन्यांनी कळलं की त्यांनी वेबसाइट बदलली, फीडचा पत्ता बदलला आणि जुन्या पत्त्यावर काहीच ठेवलं नाही. दोन अंक निघून गेले, त्यात माझ्याच विषयावरचा लेख होता, आणि माझा प्रबंध तोवर टाइप होऊन बसला होता. याला ‘वर्दी आली नाही’ म्हणून भागत नाही, ‘रतीब तुटला’ हेच बरोबर. गवळी दोन दिवस आला नाही तर आपण चौकशी करतो की नाही, तशी फीडची चौकशी करायची सवय पोरांना त्या शब्दातनं लागेल.

बेळगावहून:

ताई, दादा, दोघांचे आभार, माझं डोकं सरळ झालं. दोन वेगळ्या गोष्टींना मी एकच शब्द शोधत होतो. लावायचा तो रतीब, येते ती वर्दी. आता असं लिहिलंय:

“जर्नलच्या पानावर नारिंगी चौकोनात पांढऱ्या कमानी दिसतात का बघा. त्यावर दाबल्यावर नुसता कोड दिसला तर घाबरू नका, वरचा पत्ता कॉपी करून रीडरमध्ये टाका. झाला तुमचा रतीब चालू, पैसे लागत नाहीत. नवा लेख आला की त्याची वर्दी येईल. अंकाची वेळ टळून गेली तरी वर्दी नाही आली तर जर्नलच्या वेबसाइटवर जाऊन खात्री करा, रतीब तुटला असेल.”

कोडाचं मुद्दाम घातलं, कारण २०१८ च्या शेवटी फायरफॉक्स ब्राउझरनंही फीड दाखवणं काढून टाकलं, तेव्हापासनं पोरं तो कोड बघून पान बंद करत्यात. खाली एडिंबराच्या हेरियट-वॉट युनिव्हर्सिटीच्या जर्नलटॉक्सची पण एक ओळ घातलीय, २००९ पासनं ते वेगवेगळ्या प्रकाशकांच्या अनुक्रमणिका एकत्र करून देतात, म्हणजे दहा दारं हिंडायला नको. ओजेएस या जर्नल चालवायच्या मोफत सॉफ्टवेअरवर चालणारी आपल्याकडची छोटी जर्नल्सही फीड देऊ शकतात, संपादकानं तेवढं प्लगइन चालू करायला पाहिजे, त्यांना वेगळं पत्र लिहिणार आहे.

सोमवारी तोच कागद त्या मुलीला परत वाचायला देतो. एकच राहिलं, ‘अनरीड’ला ‘न उघडलेल्या वर्द्या’ लिहिलंय, अनेकवचन वर्द्या असंच करतो ना आपण?