बँकॉकला मोजके दिवस, बरोबर सासूबाई आणि पोरगं: अनुभव लिहा (अनुभव धागा)

विश्रामबागकरीण

जानेवारीत बँकॉकला जायचं ठरलंय. आम्ही दोघं, आठ वर्षांचा लेक आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पूर्ण शाकाहारी आहेत आणि "ते मोठे बुद्ध तेवढे दाखवा" एवढीच त्यांची मागणी. इथल्या एका टूरवाल्याकडं गेलो तर त्यानं पहिल्या वाक्यात पटाया घातलं, बँकॉकला दीड दिवस, त्यात सात ठिकाणं आणि वर एक जेम्स फॅक्टरी. म्हटलं आम्हाला काही हिरे-माणकं घ्यायची नाहीत, तर म्हणे सगळ्यांनाच दाखवतात. मग आपलं आपणच जायचं ठरवलं, आणि आता यूट्यूब बघून बघून डोकं फिरलंय कारण जो तो प्रत्येक गोष्टीला मस्ट सी म्हणतो. तर जाऊन आलेल्यांनी लिहा. याद्या नकोत, त्या ढीगभर आहेत. कुठं राहिलात, काय सरळ सोडून दिलंत, म्हातारी माणसं आणि पोरं बरोबर असताना काय जमलं ते सांगा. आपल्याकडचे लिहितील तर जास्त बरं, कारण "तिखट नाही" म्हणजे नक्की किती नाही हे आपल्यालाच कळतं.

मास्तर_चाफळ

ताई, आम्ही उभयता निवृत्तीनंतर गेलो होतो, जावई बरोबर होता म्हणून भाषेची काळजी नव्हती. ग्रँड पॅलेस म्हणजे राजवाडा, तो सकाळी साडेआठला उघडतो, तेव्हा दारात हजर पाहिजे. नंतर बसेस येऊन थांबतात आणि मग नुसती डोकीच डोकी, वर ऊन, पटांगणात सावली जवळपास नाहीच. तिकीट परदेशी माणसाला 500 बाथ. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, सासूबाई साडीत असतील तर प्रश्नच नाही, आमच्या हाफ पँटवाल्या जावयाला मात्र बाहेर हत्ती छापलेली पायजमा टाइप पँट घ्यावी लागली.

आतल्या देवळात पाचूचा बुद्ध म्हणतात ती मूर्ती आहे, जेमतेम 66 सेंटिमीटर आणि फार उंचावर बसवलेली, त्यामुळं "एवढीच होय" असं होतं हे आधीच सांगून ठेवा. तिची वस्त्रं वर्षातून तीनदा ऋतूप्रमाणं बदलतात आणि ती राजा स्वतः बदलतो. पण मला खरी गोडी लागली ती देवळाभोवतीच्या ओवऱ्यांत. भिंतीवर अख्खं रामायण रंगवलंय, 178 चित्रं, सोन्याच्या रंगात नुसतं झळाळतंय. लोक कळसांचे फोटो काढत पुढं पळतात, इकडं ढुंकून बघत नाहीत, आणि सगळ्या आवारात सावली काय ती इथंच. त्यांचं रामायण म्हणजे रामकियेन, आणि त्यात हनुमान पांढराशुभ्र आणि चक्क संसारी! रावणाची एक मत्स्यकन्या मुलगी आहे, तिच्याशी त्याचं जमतं आणि मुलगा होतो. आपल्याकडं मकरध्वजाची गोष्ट आहे, पण आपण ती घामाच्या थेंबावर निभावून नेतो. आम्ही पडलो समर्थांच्या अकरा मारुतींच्या मुलखातली माणसं, जावयानं ही कथा मोबाइलवर वाचून दाखवली तशी आमच्या हिनं तिथंच हात जोडले आणि "माफ कर रे बाबा" म्हणाली. कोणाला म्हणाली ते मी विचारलं नाही.

एक महत्त्वाचं. वाड्याच्या भिंतीकडेनं चालताना नीटनेटका, इंग्रजी बोलणारा एखादा माणूस भेटेल आणि सांगेल की आज पूजा आहे, वाडा दुपारपर्यंत बंद, तोवर हा टुकटुकवाला, म्हणजे तिथला रिक्षावाला, 20 बाथमध्ये दुसरी देवळं दाखवील. ती टुकटुक शेवटी जडजवाहिराच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानाशी जाऊन थांबते. जावयाला माहीत होतं म्हणून तो नुसता हसून पुढं गेला, पण मला तो गृहस्थ इतका सज्जन वाटला होता की मी त्याचे आभार मानत होतो. बंद आहे का ते फक्त दारावरच विचारायचं.

तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर वाट फो (त्यांच्याकडं वाट म्हणजे देऊळ), निजलेला बुद्ध, 46 मीटर लांब. तळपायांवर शिंपल्याच्या कामात 108 शुभचिन्हं आहेत. पाठीमागच्या बाजूला 108 कटोरे मांडलेत, सुट्टी नाणी घेऊन एकेकात टाकत जायचं, तो खणखण आवाज सगळ्या दालनात भरून असतो. पोरगं खूश होईल. मग धक्क्यावरून छोट्या होडीनं पलीकडं वाट अरुण. तिथल्या पायऱ्या फार उभ्या आहेत, सासूबाईंना खाली नदीकाठी बसवा. एका दिवसाला एवढं पुष्कळ झालं. जेवून खोलीवर जाऊन झोपा, जानेवारी असला तरी दुपारी 32 च्या आसपास जातं आणि हवा दमट.

विश्रामबागकरीण

मास्तर, खूप आभार, हनुमानाचं सासूबाईंना आत्ताच सांगत नाही. ते स्कायट्रेनचे जिने त्यांना झेपतील का? लिफ्ट असतात का सगळीकडं?

कराडचा_पण_हिंजवडीत

बीटीएस म्हणजे स्कायट्रेनला लिफ्ट आहेत पण कुठं रस्त्याच्या एकाच बाजूला आहेत आणि ती बाजू नेमकी आपली नसते. त्यापेक्षा एमआरटी, म्हणजे भुयारी मेट्रो, तिची निळी लाइन धरा. ही लाइन नदीखालून जाते आणि सनाम चाय नावाचं स्टेशन आहे तिथं उतरलं की वाट फो चालत पाच मिनिटांवर. हे स्टेशन 2019 ला सुरू झालं त्यामुळं जुन्या ब्लॉगांत सगळे अजून बोटीनं जा बोटीनं जा लिहितात, बोट मस्तच आहे पण धक्क्यावर चढउतार करताना ती हलत असते आणि कंडक्टर शिट्ट्या मारून घाई करतो, गुडघेवाल्यांना त्रास. याच लाइनवर चायनाटाउन आहे, सोन्याच्या बुद्धाचं स्टेशन हुआ लाम्फोंग आहे, आपल्या लोकांचं फाहुरात आहे सॅम योट स्टेशनला. म्हणून हॉटेल निळ्या लाइनच्या स्टेशनजवळ घ्या, बाकी स्टार बिर नंतर. आमच्या ग्रुपनं पूल असलेलं भारी हॉटेल घ्यायचं म्हणून आत गल्लीत घेतलं, मग रोज संध्याकाळी टॅक्सीत बसून समोरच्या गाडीचा नंबर पाठ करत बसायचो. ट्रॅफिक पुण्याचं परवडलं.

अजून दोन-तीन गोष्टी घाईत लिहितो. विमानतळ दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग, स्वस्त फ्लाइट कुठं उतरते ते तिकिटावर बघून मग हॉटेल ठरवा. सुवर्णभूमीवरून शहरात रेल्वे आहे, फाया थायपर्यंत अर्धा तास आणि 45 बाथ, पण तुम्ही चौघं आणि बॅगा म्हटल्यावर मीटरची टॅक्सीच बरी, मीटरवर 50 बाथ एअरपोर्टचे आणि टोल वेगळा, ते फसवणूक नाहीये भांडू नका. येण्याआधी तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं, मे 2025 पासून, ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट उघडली तर बंद करा. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या आधी सरकारी साइटवर बघा. कोणी भाऊ-दीर व्हेप ओढणारा असेल तर ते घरी ठेवून या म्हणावं, तिथं बेकायदा आहे. एटीएमला परदेशी कार्डावर दर वेळी 220 बाथच्या आसपास कापतात तेव्हा थोडे थोडे काढू नका.

गलाईवाला_विटा

आमच्या भागात घरटी एक माणूस गलाईत, म्हंजी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, मी पण त्यातलाच, धंदा तमिळनाडूत हाय. बँकॉकला गेलो तवा बाकीची पोरं मॉलात गेली आन मी सोन्याचा बुद्ध बघाय गेलो, वाट ट्रायमिटला. साडेपाच टन वजन बगा! तीन मीटर उंच. आन गंमत म्हंजी शेकडो वर्सं त्यावर चुना-गिलावा थापलेला हुता, कुणाला ठावच न्हाई आत काय हाय ते. लुटारूंच्या भीतीनं झाकला असणार म्हंत्यात. 1955 साली नवीन जागी हलवताना दोर तुटला, मूर्ती खाली आली, गिलाव्याचा टवका उडाला आन आत पिवळं दिसलं. मी तिथं अर्धा तास हुबा हुतो. सगळी एका कसाची न्हाई, डोक्याकडच्या भागाचं सोनं जास्त शुद्ध हाय. रंगात फरक दिसतो का म्हणून लई न्याहाळलं, गार्ड माझ्याकडं बघाय लागला. ताई, देऊळ वरच्या मजल्यावर हाय, बाहेरनं संगमरवरी पायऱ्या चढाय लागत्यात. पर आईंनी मोठा बुद्ध मागितलाय तर हा दाखवाच, हळूहळू चढू द्या, घाई कुनाला हाय.

तिथनं चालत यावारात रोड, चायनाटाउनचा. सोन्याची दुकानं वळीनं, आतनं लालभडक. त्यांचं सोनं 96.5 टक्क्यांचं, म्हंजी आपल्या 22 कॅरेटापेक्षा चढं, आन वजन तोळ्यात न्हाई, बाथमधी. एक बाथ सोनं म्हंजी 15.2 ग्रॅमच्या आसपास. पैसा पण बाथ आन वजन पण बाथ, पाटीवर बगून माणूस गडबडतो. दिवसाचा भाव सगळ्या दुकानात एकच लावल्याला असतो, मजुरी तेवढी येगळी. चेन घ्यायचा मोह हुतो पर आपल्यासारख्या चार दिवसाच्या माणसाला येताना सोन्यावर सूट न्हाई, ती वरीसभर भाईर राहिलेल्याला हाय. मुंबईला कस्टमला ड्युटी भरली की सगळा फायदा गेला. बगा आन या.

हळद_पेठ

आम्ही जैन, घरी कांदा-लसूण नाही, त्यामुळं आमच्या खाण्याचं काय होणार यावर निघायच्या आधी घरात जवळपास बैठका झाल्या. तर सांगते. नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही, कारण मांस नाही घातलं तरी नाम प्ला म्हणजे माशाचं पाणी जवळजवळ सगळ्यात असतं, नाहीतर ऑयस्टर सॉस. पपईची ती कोशिंबीर सोम तम, दिसायला किती निरागस, त्यात सुकट असते. पण तिथल्या चिनी लोकांत एक कडक व्रताचं खाणं असतं, त्याचं नावच "जे". पिवळ्या पाटीवर लाल अक्षर. ते अक्षर फोनमध्ये फोटो काढून ठेवा आणि दुकानदाराला दाखवा. त्यात मांस-मासे-अंडी तर नाहीतच, दूध नाही आणि कांदा-लसूणसुद्धा नाही! मला तर तिथं रडूच यायचं बाकी होतं. बटाटा-गाजर मात्र असतं, जमीकंद टाळणाऱ्यांनी वेगळं विचारावं. सेव्हन इलेव्हन नावाच्या दुकानांतल्या पाकिटांवरही ते अक्षर शोधा. तिखटाचं म्हणाल तर सांगलीकराला घाम फुटेल इतकी मिरची असते, "माय फेत", म्हणजे तिखट नाही, म्हणायला शिका, तरीही एखादी मिरची येतेच.

सासूबाईंना भात-वरण लागत असेल तर फाहुरातला जा, मोठा गुरुद्वारा आहे तिथं लंगर असतो, आजूबाजूला पंजाबी आणि गुजराती खाणावळी आहेत, कापडाची दुकानं तर विचारू नका. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग नेलं होतं. भडंग पहिल्याच दिवशी संपलं, त्यात हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीचाही हात आहे. आंबा आणि चिकट भात नारळाच्या दुधात देतात ते मात्र पोटभर खा.

शाहूपुरीवाला

लेकाला लुम्फिनी पार्कला न्या, सकाळी. तळ्याकाठी माणसाएवढ्या घोरपडी आरामात फिरत असतात, लोक शेजारून जॉगिंग करतात, कोणाला काही नाही. आमच्या पोरानं राजवाडा, बुद्ध, मॉल सगळं विसरून शाळेत घोरपडीवरच निबंध लिहिला. लांबून बघायचं, खायला घालायचं नाही. चतुचक बाजार शनिवार-रविवारी असतो, हजारो दुकानं, पण पोरगं आणि आजी बरोबर असतील तर माझ्या मते सोडून द्या, पत्र्याखाली गरम होतं आणि हरवायला अगदी सोपं. उन्हाच्या वेळी सियाम पॅरागॉनच्या तळघरात मत्स्यालय आहे तिथं एसीत दोन-तीन तास जातात.

वाईची_भिशी

सगळे टूरवाल्यांवर तुटून पडलेत म्हणून लिहिते. आम्ही भिशीतल्या बायका टूरनंच गेलो आणि मजा आली, बॅगा उचलायला माणूस, जेवायला पोळी-भाजी, नवऱ्यांचे फोन घ्यायला वेळ नाही. जेम्स फॅक्टरी आम्हालाही दाखवली. एसी होता आणि बाथरूम स्वच्छ होतं, आमच्या वयात हे काही कमी नाही. कोणी काही घेतलं नाही, तो मॅनेजर मात्र उदास झाला.

विश्रामबागकरीण

वाईच्या काकू, तुमच्याबरोबरच जायला हवं होतं. लेकाचे बाबा आता त्यांच्या जुन्या राजधानीचं, अयुथ्थया अयुथ्थया करतायत, मोजक्या दिवसांत तेही घुसवायचं का? कोणी गेलंय?

मिरज_जंक्शन

मी गेलो ते खरं तर रेल्वेसाठी. थायलंडची रेल्वे अजून मीटरगेज. मिरजेत एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइटचं नॅरोगेज अशी तिन्ही होती, आमचे आजोबा त्यातच नोकरीला, त्यामुळं मला त्या रुळांचं अप्रूप. लांबच्या गाड्या आता क्रुंग थेप अफिवात या नव्या मोठ्या स्टेशनातून सुटतात, 2023 पासून, पण काही साध्या गाड्या अजून जुन्या हुआ लाम्फोंगवरून निघतात. थर्ड क्लासचं तिकीट 20 बाथच्या आत-बाहेर, साधारण दीड-दोन तास, खिडक्या उघड्या, पंखे फिरतायत, बायका टोपल्या घेऊन डब्यातून भात आणि फळं विकत जातात. मला तर तीच सहल वाटली.

अयुथ्थया ही त्यांची जुनी राजधानी, चौदाव्या शतकातली, 1767 ला बर्मी फौजेनं जाळून उद्ध्वस्त केली, म्हणजे आपल्या पानिपतानंतर सहा वर्षांनी. पुढं 1782 ला बँकॉक उभं राहिलं, त्यामुळं मास्तरांनी लिहिलेला वाडा बघून झाल्यावर इथं आलात की डोक्यात नीट लागतं. वाट महाथातला पिंपळाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक आहे, त्याच्यासमोर फोटो काढताना खाली बसायचं, बुद्धापेक्षा आपलं डोकं उंच नको असा तिथला नियम, गार्ड सांगतोच. बाकी सगळी विटांची उघडी पडकी देवळं, लांब लांब, सावली कमी.

घुसवायचं का, तर सासूबाईंना घेऊन नको. एक दिवस त्या आणि तुम्ही फाहुरातला कापड बघत बसा, बाप-लेकाला सकाळच्या गाडीनं पाठवा. स्टेशनसमोरून होडीनं नदी ओलांडली की सायकली भाड्यानं मिळतात, लहान मुलाची मागून घ्यावी लागते. परतीची गाडी लेट असते हे धरूनच चाला, आमची तासभर होती, स्टेशनात आइस्क्रीमवाला आहे.